जोळीतली जागा

महिपतीनं बांधाच्या पोटातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

"बाबा, काय करताय? सगळी बघतात," आदेश मागून कुजबुजला.

"बघू दे. खारी हाय का बघतो." महिपतीनं माती जिभेवर घोळवली आणि थुंकली. "खारी हाय. पन मेलेली नाय. दोन पावसाळं गोडं पानी लागलं, तर भात येईल."

शेजारी उभा असलेला म्हातारा अगुश्तो हे सगळं बघत होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तो वाकला, त्याच जागची चिमूट उचलून त्यानं तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि मग हाताची दोन बोटं वर केली. महिपती आधी बघतच राहिला, मग मोठ्यानं हसला. अगुश्तोही हसला. दोघांचेही पुढचे दात गेलेले होते.

हे मान्सोआ. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला गिनी-बिसाऊ नावाचा देश आहे, त्यातलं हे नदीकाठचं लहानसं गाव. लाल मातीचे रस्ते, पत्र्याची घरं, आंब्याची दांडगी झाडं आणि तिवरांतून आत शिरणारं भरतीचं पाणी. महिपतीला देशाचं नाव धड सांगता येत नसे. पेणच्या बाजारात कुणी विचारलंच, तर तो "काजूवाल्यांच्या मुलखात" असं सांगून मोकळा होई. आजवर त्याचा लांबचा प्रवास म्हणजे भाचीच्या लग्नाला पेणहून रत्नागिरी. तो माणूस विमानं बदलत इथवर आला होता, तेही पापडांचा डबा मांडीवर धरून.

पण तो काही देश बघायला आला नव्हता. तो पोराला घरी न्यायला आला होता.

त्याचं गाव पेणजवळच्या खारेपाटातलं. तिथली शेती म्हणजे खाडीशी कायमची भांडाभांडी. बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा, पावसानं मीठ धुऊन काढायचं आणि भात लावायचा. उधाणाला बांध फुटून खांड पडली, की सगळा गाव धावायचा. त्याला जोळ म्हणतात. जोळीचा म्होरक्या काळुराम बांधावर उभा राहून घराघराचं नाव पुकारी, आणि त्या घरचा माणूस "आलं" म्हणून चिखलात उतरे. मग रांग लागे आणि मातीची ढेकळं हातोहात खांडीपर्यंत जात. घरातून माणूस आला नाही तर दोनच कारणं चालत. एक, घरात सुतक. दुसरं, तो सासुरवाडीच्या जोळीवर गेलेला. जावयाला सासऱ्याच्या बांधावर हजर धरत, कारण खाडी शेवटी एकच. बाकी कुठल्याही कारणाला काळुराम भीक घालत नसे.

पुढे पोरं कंपन्यांत गेली. आदेश रोह्याला एका कंपनीत लागला. जोळीच्या दिवशी तो म्हणायचा, "बाबा, माझी शिफ्ट हाय." शिफ्ट हे कारण काळुरामच्या यादीत कधीच नव्हतं, पण हळूहळू घरोघरी तेच येऊ लागलं. मग रांगेत म्हातारेच उरले. एका वर्षी खांड बुजलीच नाही. अर्ध्या शेतात आता तिवरं वाढली आहेत. यंदा तर गावाच्या अंगाच्या बांधालाच खांड पडली, आणि उधाणाचं पाणी तळ्याच्या काठाला येऊन टेकलं. ते तळ्यात शिरलं की गावानं प्यायचं काय?

"पोराला घेऊनच या," विमलबाईनं निघताना सांगितलं होतं. तिचे गुडघे गेलेले, नाहीतर तीच आली असती. "त्याला म्हनावं, आई वाट बघून दमली. काजू काय, पेनला पन मिलतात."

रोह्याची नोकरी सोडून आलेला आदेश इथं काजू व्यापाऱ्यासाठी माल तपासायचा. गोणीतून मूठभर बिया काढायच्या, कापून गर बघायचा आणि गोणी घ्यायची की नाही ते ठरवायचं. तो अगुश्तोच्या घरात एका खोलीत राहायचा. "भाड्यानं," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

महिपती पहिल्याच दिवशी बोलणार होता. पण दुपारी अगुश्तोची मुलगी दोमिंगास भाताचं भलंमोठं भांडं घेऊन आली. सगळे भोवती बसले आणि एकाच भांड्यात जेवू लागले. दोमिंगास मासा बोटांनी सोडवून ज्याच्या त्याच्या पुढ्यात सारत होती. आदेशच्या पुढ्यात तिनं काटे काढून सारला. घरात एवढी माणसं, पण काटे फक्त आदेशच्याच माशाचे निघाले. मग ती महिपतीकडे वळून म्हणाली, "बाबा, जेवा."

उच्चार जरा वाकडा होता, पण मराठी स्वच्छ होती. महिपतीच्या हातातला घास हातातच राहिला. आदेश भाताकडे बघत होता.

ते सगळं महिपतीला कळत होतं, फक्त कळून घ्यायचं नव्हतं. भाडेकरूला कोण जीव लावत नाही, असं त्यानं मनाला समजावलं. विमलबाईचे पापड त्यानं दोमिंगासकडे दिले. तिनं ते निखाऱ्यावर भाजले आणि पहिला पापड मोडून बापाला दिला. उद्या बोलू, म्हणत महिपती झोपला. दुसऱ्या दिवशी अगुश्तो त्याला बांध दाखवायला घेऊन गेला. झाडाचं खोड पोखरून बांधात बसवलेली, पाणी सोडायची उघाडी बघताना दिवस गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. खरं सांगायचं तर महिपती रमला होता. आपल्याकडे जे गेलं ते इथं अजून नांदत होतं.

पुनवेच्या सकाळी ढोल वाजला.

महिपतीला कुणी काही सांगावं लागलं नाही. तो उठला तोच चपला न घालता. बांधाला मोठी खांड पडली होती आणि भरतीचं पाणी घसघसा आत येत होतं. माणसं चहूकडून धावत आली. लांब दांड्याची लाकडी फावडी चिखलात घुसू लागली, रांग लागली, ढेकळं हातोहात निघाली. महिपती धोतर खोचून रांगेत शिरला. शेजारच्या दांडग्या पोरानं त्याला एकदा बघितलं आणि ढेकूळ त्याच्या हातात दिलं. पाहुणा म्हणून बाजूला बस असं कुणी म्हणालं नाही, याचं त्याला फार बरं वाटलं.

मग त्यानं खांडीकडे मान वळवली.

आत छातीएवढ्या पाण्यात, सगळ्यात जड जागी, खांडीत रोवलेली लाकडी मेढ धरून अगुश्तो उभा होता. आणि त्याला खांदा देऊन आदेश. नाकातोंडात पाणी जात होतं तरी त्यानं मेढ सोडली नाही. त्याला तिथं कुणी बोलावलं नव्हतं, आणि तो तिथं आहे याचं कुणाला नवलही वाटत नव्हतं. ती त्याची जागाच होती.

महिपतीचे हात थांबले. मागचा माणूस ओरडला, तेव्हा त्यानं ढेकूळ पुढे दिलं.

खांड बुजली. सगळे काठावर चिखलात बसले. आदेश बापाजवळ येऊन टेकला. दोघंही एकाच रंगाचे झाले होते.

"आज तुजी शिफ्ट नाय काय रं?" महिपती म्हणाला.

आदेशनं मान खाली घातली. "बाबा, तवा मला कळत नव्हतं."

"नि हितं कलाय लागलं?"

"हितं कोन इचारतच नाय. ढोल वाजला की जायाचं." तो थोडा थांबला. "बाबा, तुमी काय इचारायला आलाव ते म्हाईत हाय मला. इचारा तरी. मी..."

"काय नाय इचारायचं. तुला बघायला आलो, बगला." महिपतीनं त्याच्या कानामागचा चिखल अंगठ्यानं पुसला, लहानपणी पुसायचा तसा. "दोमिंगासला सांग, पापड वल्या जागी ठेवू नको. बुरशी येतं."

आदेश रडला. महिपतीला रडता आलं नाही. तो ते रडू तसंच घरी घेऊन आला.

घरी विमलबाईनं दारातच विचारलं, "काय म्हनला?"

"बरा हाय."

"येतो का?"

"बगू," महिपती म्हणाला आणि हातपाय धुवायला परसात गेला. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या आणून दिला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं "बगू" म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं थोडंच? पण जोवर तो सांगत नव्हता तोवर तिला वाट बघता येत होती, म्हणून तीही खोदून विचारेना.

ज्येष्ठातल्या उधाणाआधी काळुरामनं जोळ पुकारली. तळं वाचवायचं तर आता किंवा कधीच नाही. बांधावर आले ते म्हातारेच, शिवाय सुट्टी काढून आलेली दोघं-तिघं पोरं. बायका भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन वर उभ्या होत्या. त्यांत गुडघे दाबत विमलबाईही होती.

काळुरामनं नेहमीसारखी घरं पुकारायला सुरुवात केली. कुणी "आलं" म्हणे, कुठे नुसताच वारा.

"महिपतीचं घर?"

"आलं."

"पोरगा?" काळुरामनं विचारलं, आणि लगेच आपणच चाचरला. "ऱ्हावं दे, ऱ्हावं दे. पुढं..."

"ऱ्हावं नको देऊ," महिपती मोठ्यानं म्हणाला. "हजर धर त्याला. सासुरवाडीच्या जोलीवर गेलाय."

काळुरामनं विमलबाईकडे बघितलं, मग महिपतीकडे, आणि म्हणाला, "बरं. हजर."

रांग लागली. महिपतीच्या पुढे एका माणसाची जागा मोकळी राहिली, आणि ढेकूळ पोचवायला त्याचा हात पुरेना. विमलबाईनं टोपली खाली ठेवली. पदर खोचला. गुडघ्यांवर हात टेकत ती बांध उतरली, चिखलातून चालत त्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली, आणि नवऱ्याकडे न बघता तिनं दोन्ही हात त्याच्याकडे पसरले.

महिपतीनं ढेकूळ तिच्या हातात दिलं. तिनं ते पोटाशी धरलं, जरा जास्तच वेळ, आणि मग पुढे दिलं.