हिरूचं वेगळं ताट

कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले, भूक परतली. पण कळंबच्या लोकांनी हिरूचं ताट काही परत पंगतीत घेतलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, विषाणू अजून अंगात मुक्कामाला आहे. तो जेवणातून, पाण्यातून लागत नाही, रक्तातून लागतो. तेव्हा सुई आणि दाढीचं पातं सांभाळ. आणखी एक पथ्य त्यांनी हळू आवाजात सांगितलं, ते हिरूने फक्त बायकोच्या, चिमाच्या कानात घातलं. चिमाचं आणि मुलीचं, मैनाचं, रक्त साफ निघालं. हिरूने हे सगळं गावाला समजावून पाहिलं. लोक माना डोलवायचे आणि आपलं ताट हातभर लांब ओढायचे.

मैनाचं लग्न ठरलं तेव्हा चिमाने बजावलं, "व्याह्यांना काय बी बोलू नका, लगीन मोडंल. पंगतीला उपास हाय म्हना."

लग्नाच्या सकाळी न्हावी दुसऱ्याच मांडवात अडकला. खालापूरचे व्याही धाकलूशेठ गालांना साबण फासून विहिरीवर आले आणि कोनाड्यातलं हिरूचं दाढीचं मशीन त्यांनी बिनदिक्कत उचललं. यात नवल नव्हतं. लग्नघरात एकच पातं धुऊन धुऊन सगळ्या पुरुषांच्या गालांवरून फिरायचं. पण त्याच पात्याने पहाटे हिरूची हनुवटी कापली होती.

हिरूने ते लांबून पाहिलं. गप्प बसलं तर मैना सुखात नांदायला जाईल.

"थांबा!" तो असा ओरडला की मांडवातली सनई बंद पडली. मग त्याने सगळं सांगून टाकलं. चिमा डोक्याला हात लावून खालीच बसली.

धाकलूशेठच्या गालावर फेस वाळत चालला. "म्हंजे शेजारी जेवलो तर लागत नाय?"

"नाय."

"अन् ह्या पात्यानं?"

"लागलंबी असतं. डोळ्याला दिसत नाय एवढं रगत पुरतं."

"पोरीचं काय?"

"तिचं रगत साफ हाय, तपासलंय."

"मंग गप बसायचं होतं की! लगीन बिनघोर झालं असतं."

"झालं असतं," हिरू म्हणाला, "पन जल्मभर तुमच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं?"

धाकलूशेठने मशीन जागेवर ठेवलं आणि उपरण्याने फेस पुसला. "वाजवा रं सनई! दाढीवाला व्याही कुनी बघितला नाय काय?"

अक्षता पडल्या. पंगत बसली तसा हिरू सवयीने कोपऱ्याकडे वळला. धाकलूशेठने त्याचा हात धरून आपल्या शेजारी बसवलं आणि पत्रावळीला पत्रावळ भिडवली. सगळा गाव बघत होता.

"माझा उपास हाय," हिरू पुटपुटला.

"मंग सोडा की!" म्हणत धाकलूशेठने आपल्या पानातला वडा मोडून अर्धा त्याच्या पानात ठेवला. हिरूने तो डोळे पुसत पुसत खाल्ला.