न चाखलेला हुबारा

आमच्या ह्यांना बढाया मारायची भारी हौस. इथे आखातात, ऑफिसात त्यांचा अरब मॅनेजर बू हमद सांगत होता, की गेल्या वर्षी त्याच्या ससाण्याने हुबारा धरला, हॉटेलच्या शेफला शिजवायला दिला, आणि त्या शहाण्याने त्याची चप्पल करून ठेवली. लगेच आमचे प्रकाशराव म्हणाले, माझी बायको कसलाही जंगली पक्षी शिजवते, यू जस्ट सेंड. यल्ला, ठरलं. बू हमदचे म्हातारे वडील डोळे दाखवायला वाळवंटातल्या लिवा गावाहून आमच्या रुवैसला येणार होते. ते गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवणार आणि शुक्रवारी सकाळी परत जाणार.

गुरुवारी! मार्गशीर्षातल्या गुरुवारी! घट मांडलेला, मला उपास, त्या दिवशी घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि भर दुपारी हे पक्षी घेऊन दारात उभे. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाला मार्गशीर्ष कळू नये? असं फैलावर घेतलं की बिचारे चपलांच्या स्टँडपाशीच थांबले.

पण पिशवीत डोकावले आणि राग अर्धा उतरला. हुबारा म्हणजे आमच्या सोलापूरकडच्या माळढोकाचा धाकटा भाऊ. तिकडे माळढोकाला हात लावाल तर तुरुंगात जाल. हा मात्र पैदास केंद्रात वाढलेला, राखीव शिकारक्षेत्रात सोडलेला, रीतसर परवाना काढून धरलेला; हलाल करून, पिसं काढून आला होता. माझे आप्पा करमाळ्याचे. एके काळी त्यांच्या हातचं तितर खायला तीन गावची माणसं यायची, आणि आप्पा चुलीजवळ फक्त मला बसू द्यायचे, भावांना नाही. त्यांच्या लेकीने पक्षी परत पाठवायचा? शक्यच नव्हतं.

शेजारची अजरा लखनौची. तिचं किचन मागितलं, आणि पाहुणेही तिच्याच हॉलमध्ये जेवतील असं ठरवलं. ती हसली, म्हणाली, तुझी देवी तुझ्या घरी, पक्षी माझ्या घरी, खलास.

जंगली पक्ष्याच्या अंगात चरबी नसते. कोंबडीसारखा कुकरला लावला की संपलं. तंगड्या आधी घातल्या, बोकडाच्या चरबीत, मंद आचेवर, भाजलेलं कांदा-खोबरं आणि माहेरचा काळा मसाला लावून. छातीचं मांस मऊ, ते तासाभराने. मग मिठाची पाळी आली. अजराने चमचा पुढे केला, म्हणाली, मी चाखते. नाही म्हटलं. आप्पांच्या लेकीचं मीठ दुसरीच्या जिभेवर ठरायचं? आणि नैवेद्य कोण चाखतं? पुरण, अळूची भाजी, सगळं देवाला दाखवेपर्यंत उष्टं करायचं नाही, म्हणून तर बोटांना मीठ कळायला लागतं. चिमटीने घातलं, झाकणाला कणीक लावून बंद केलं. तोऱ्यात घरी आले खरी, पण आंघोळ करून पोथी वाचायला बसले तर जीव टांगणीला लागलेला. पक्षी एकच. खारट झाला असता तर ह्यांची फजिती एक वेळ चालली असती, आप्पांचं नाव गेलेलं मला चाललं नसतं.

सात वाजता सगळे खाली गालिच्यावर बसले. बू हमदच्या म्हाताऱ्या बाबांना इथल्या जुन्या लोकांसारखं छान हिंदी येत होतं. त्यांनी भांड्यातून छातीचा सगळ्यात चांगला तुकडा काढला आणि स्वतःच्या हाताने माझ्यापुढे धरला. "बेटी, पहला निवाला तुम."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या हाताला नाही म्हणायचं म्हणजे अपमान, आणि हो म्हणायचं तर माझा गुरुवार मोडणार.

मी सरळ सांगितलं, "बाबा, आज मेरा रोज़ा है. मैंने नमक भी नहीं चखा."

 बाबांनी तो तुकडा वाटीत ठेवला, वर रोटी झाकली आणि बू हमदला म्हणाले, "यह पकानेवाली का हिस्सा है. इसे कोई हाथ नहीं लगाएगा." मगच ते जेवायला लागले, आणि हाडंसुद्धा चोखून ठेवली. बू हमदने दोनदा माशाल्ला म्हटलं. ह्यांनी तर कौतुकाचा पूरच आणला. पण पाहुणा तोंडावर चांगलंच म्हणतो, आणि ह्यांचं कौतुक निव्वळ भीतीपोटी. खरं काय ते मला कुठे माहीत होतं?

शुक्रवारी सकाळी घट हलवला आणि तशीच अजराकडे गेले. फ्रिजमधून वाटी काढली आणि गरमही न करता उभ्याउभ्याच घास घेतला.

बाई गं! मांस सुतासुताने सुटत होतं आणि मीठ अगदी बेताचं, ना कणभर कमी ना जास्त. माझे डोळेच भरून आले. आप्पांचं तितर याहून चांगलं नसायचं. हो, म्हणते मी, आणि छाती पुढे काढून म्हणते.

हे मागून आले, वाटीकडे बघून बोट पुढे केलं. मी वाटी छातीशी धरली आणि शेवटचा घास त्यांच्यासमोर सावकाश चावून खाल्ला.