वल्लरी ठोसरचा सत्कार

डोंबिवलीत कुणाचं जरा काही बरं झालं की त्याचा सत्कार होतो. दहावीला नव्वद टक्के पडले, सत्कार. नोकरीतून निवृत्त झाला, सत्कार. मुलगा परदेशी गेला, तर मागे राहिलेल्या आईवडिलांचा सत्कार. घरोघरी शालींचे गठ्ठे पडलेत आणि नारळांची बर्फी करून करून बायका कंटाळल्यात. मुकुल करंबेळकर याच गावात लहानाचा मोठा झालेला, तेव्हा हे त्याला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. तरी त्याने वल्लरीचा सत्कार होऊ दिला. वर भाषणही ठोकलं.

मुकुल चौदा वर्षं बेंगळुरूला होता. तिथली भरल्या पगाराची नोकरी सोडून तो परत आला, कारण गावातल्या काही कारखानदारांनी आणि निवृत्त इंजिनिअरांनी मिळून नवउद्योग केंद्र काढलं होतं आणि त्यांना ते चालवायला माणूस हवा होता. एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याचा वरचा मजला, बावीस टेबलं, फुकट वायफाय. इथली पोरं इथेच कंपन्या काढतील, आणि डोंबिवली म्हणजे नुसतं रात्री झोपायला यायचं गाव राहणार नाही, असं सगळ्यांनी उद्घाटनाला ठासून सांगितलं. मुकुलचा त्यावर मनापासून विश्वास बसला. बायको हेमा म्हणाली होती, "अरे, तू भोळा आहेस." पण तीही आली सोबत.

तीन वर्षं झाली. बावीस टेबलांपैकी चारांवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चाले. एकावर लग्नपत्रिका डिझाइन करणारा एक जण बसे. मितभाषी असे दोघे घरगुती जेवणाच्या डब्यांचं ॲप बनवत होते आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं आपसात बोलणं बंद होतं. उरलेली टेबलं रिकामी. खरी म्हणावी अशी कंपनी एकच, वल्लरी ठोसरची.

वल्लरी सत्तावीस वर्षांची. वडील तीस वर्षं केमिकल कंपनीत ऑपरेटर, त्यामुळे कुठल्या वासाला घाबरायचं आणि कुठल्या नाही हे तिला शाळेत असल्यापासून कळायचं. तिने साबणाच्या वडीएवढी एक डबी बनवली होती. कारखान्यात पाइपाच्या जोडाजवळ ती लावायची. वायू जरासा जरी गळला, माणसाच्या नाकाला कळायच्या आत, सुपरवायझरच्या फोनवर संदेश. बस, एवढंच. पण चालायचं ते अगदी चोख.

पुण्याची एक गुंतवणूकदार संस्था तिला पैसे द्यायला तयार होती. अट एकच होती: तीन कारखान्यांनी वर्षभर डब्या वापरून तसं पत्र द्यायचं. पत्रं मिळाली तर कंपनी डोंबिवलीतच वाढणार, पहिल्या फटक्यात आठ माणसं घेणार. नाही मिळाली, तर त्यापुढे वल्लरीजवळ एका महिन्याचेही पैसे नव्हते.

कारखाने मिळवले मुकुलने. जवळच रसायनांचा कारखाना असलेल्या मितेशभाईंच्या ऑफिसात तो सहा वेळा जाऊन बसला. "लावतो," मितेशभाई शेवटी म्हणाले, "पण मुकुलभाई, एक बात. डबी काय सांगते ते माझ्यात, तुमच्यात आणि वल्लरीबेनमध्ये. बाहेर नाय जायला पाहिजे. लीकेज दिसला तर त्याच दिवशी दुरुस्त करतो, माझा शब्द." त्यांनी शब्द पाळला. त्यांच्या भरवशावर शेजारच्या दोघांनीही डब्या लावल्या. नऊ महिने सगळं बिनबोभाट चाललं. आता तीनच महिने उरले होते.

अशात केंद्राचे अध्यक्ष अण्णा सबनीस यांना सत्काराची कल्पना सुचली. अण्णा पंच्याहत्तरीचे, सज्जन गृहस्थ. केंद्रावर त्यांचा लेकरासारखा जीव.

"अरे मुकुल, लोक विचारतात, तीन वर्षांत तुम्ही काय केलंत? आपण ही मुलगी त्यांच्यासमोर उभी करू. वर्धापनदिनी तिचा सत्कार. कारखानदारही व्यासपीठावर. कसं?"

वल्लरीने ऐकल्या ऐकल्या मान हलवली. "सर, आत्ता नको ना, प्लीज. पत्रं हातात येऊ देत. मग काय शाली घालायच्या त्या घाला."

"अगं, अण्णांचं मन मोडवत नाही. अर्ध्या तासाचा तर कार्यक्रम," मुकुल म्हणाला. खरं सांगायचं तर मन अण्णांचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. तीन वर्षं नातेवाइकांत, मित्रांत "काय रे, काय चाललंय तुझ्या त्या केंद्राचं?" हे ऐकून तो विटला होता. एकदा, एकदाच त्याला टाळ्या हव्या होत्या.

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. मागच्या निवासी भागातले ज्येष्ठ नागरिक झाडून आले होते. पोह्यांचा वास, खुर्च्यांची खडखड, ईशस्तवन. वल्लरी नवी साडी सावरत अवघडून बसली होती, शेजारी तिन्ही कारखानदार. अण्णांनी शाल पांघरली, नारळ दिला. मग मुकुल बोलायला उठला.

सुरुवात त्याने ठीक केली. पण लोक माना डोलवायला लागले, एक-दोनदा टाळ्या पडल्या, आणि गडी रंगात आला. "नुसत्या कल्पना नाहीत या," तो म्हणाला. "आपले मितेशभाई इथे बसले आहेत. त्यांच्या कारखान्यात या मुलीच्या यंत्राने नऊ महिन्यांत अकरा वेळा गळती पकडली. अकरा वेळा! कुणाला पत्ताही लागला नाही!"

त्याने टाळ्यांसाठी थांबून पाहिलं. टाळी वाजली नाही. मितेशभाई समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. तिसऱ्या रांगेतून एक आजोबा काठी टेकत उभे राहिले.

"अकरा वेळा गळती झाली, आणि आम्हाला कुणी कळवलं नाही? आम्ही कारखान्याच्या भिंतीला लागून राहतो हो!"

मग सगळेच उठले. कुणी वास येतो ती तारीख सांगू लागलं, कुणी नातवाचा खोकला. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. ज्या गावाने कारखान्यातल्या स्फोटात खिडक्यांच्या काचा अंगावर घेतल्यात त्याने दुसरं काय विचारायचं? अण्णा माइकवर "शांतता राखा" म्हणत राहिले आणि वल्लरी मुकुलकडे नुसती पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मंगळवारी सोसायट्यांची तक्रार गेली. गुरुवारी तिन्ही कारखान्यांत सरकारी तपासणीचे लोक आले. शनिवारी मितेशभाईंचा वॉचमन काळुराम पिशवी घेऊन केंद्रात आला आणि टेबलावर ठेवून गेला. आत तिन्ही कारखान्यांच्या मिळून चौदा डब्या होत्या.

मुकुल धावत मितेशभाईंकडे गेला. त्यांनी चहा मागवला, आवाज चढवला नाही.

"अकराच्या अकरा लीकेज मी दुरुस्त केले. बाजूवाल्याकडे डबी नाय, म्हणून त्याच्याकडे लीकेज पण नाय. नोटीस कोणाला? मला. आता तुम्हीच सांगा, मी परत डबी लावू?"

मुकुल नमस्कार करून उठला. चहा तसाच निवला.

आणखी पाच कारखाने त्याने पालथे घातले. गोष्ट त्याच्या आधीच सगळीकडे पोचलेली होती. पाचव्या ठिकाणी तर त्याला गेटवरूनच हात जोडले. पुण्याच्या संस्थेने दोन ओळींची मेल पाठवली, शुभेच्छांसकट.

वल्लरी टेबल आवरत होती तेव्हा तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी बोललो नसतो तर..."

"सर, आता नका ना," ती म्हणाली. मग हातातली वायर गुंडाळत, खाली बघूनच, "तुमची बेंगळुरूत ओळख आहे ना? जुन्या कंपनीत? मला जॉब बघाल का? कसलाही चालेल. बाबांना अजून सांगितलं नाहीये मी."

तो तिथेच खुर्चीत बसला. ज्या गावातून हिच्यासारख्या पोरांना जायला लागू नये म्हणून तो स्वतः परत आला होता, तिथून तिला बाहेर काढायला आता त्यालाच सांगणं आलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्याने बेंगळुरूच्या जुन्या साहेबाला, नयनला, फोन लावला. वल्लरीबद्दल तो वीस मिनिटं बोलला, त्या रविवारी बोलला त्यापेक्षा कितीतरी चांगलं, आणि त्यातला एक शब्द खोटा नव्हता. नयनने लगेच मुलाखत ठेवली. आठवड्यात तिची निवड झाली.

"मुकुल, तू पाठवलेली मुलगी फारच हुशार निघाली रे," नयनचा फोन आला. "अशी आणखी आहेत का तुझ्याकडे तिथे? असतील तर पाठव. सगळ्यांना घेतो."

मुकुलने केंद्रभर नजर फिरवली. जेवणाच्या डब्यांचं ॲप करणारे ते दोघे आपापल्या टेबलावर पाठीला पाठ लावून बसले होते. दोघेही हुशार होते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"दोघं आहेत," तो म्हणाला. "नावं लिहून घे."