एका टबात बावन्न हात

अनसिंगच्या अलीकडच्या त्या गावात अंगणवाडीचं पोर हातांवरून ओळखू यायचं. नखं कापलेली, बोटांना साबणाचा वास. वैजयंतीबाई बावीस वर्षांपासून तिथं सेविका होती, आणि हात न धुता खिचडीला बसायची तिच्याकडं कोणाची बिशाद नव्हती. हापशी लांब. दोन घागरींत भागवायचं म्हणून तिनं निळा टब काढला होता. अकरा वाजले की टबात साबणाचं पाणी, समोर पोरांची रांग. सव्वीस पोरं, बावन्न हात आणि पुसायला एकच पंचा. तालुक्याच्या मॅडमनी तिला शाबासकीचा कागदसुद्धा दिला होता.

आणि आता सात पोरं तापानं पडली होती. डोकं धरून रडत होती, ओकत होती. तुळसाबाईंची नात रिद्धी, तिची तर मानच ताठ झाली. तिला वाशिमला नेलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, पण विषाणूची आहे, पोर बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. गावानं त्यातलं फक्त 'मेंदू' ऐकलं. रिद्धी नुकतीच आजीबरोबर पोहरादेवीच्या यात्रेला जाऊन आली होती, म्हणून आजार तिनंच आणला हेही गावानं परस्पर ठरवलं. हापशीवर तुळसाबाईंना कोणी घागर टेकवू देईना.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर त्रिशला चौकशीला आल्या. शिरपूरच्या किराणा दुकानदाराची ही लेक, बोली इथलीच. पाठोपाठ न बोलावता सरपंच जानराव.

"यात्रेतूनच आलं ते, मॅडम. लिहून टाका."

"पहिलं कोण पडलं, बाई?" डॉक्टरांनी वैजयंतीला विचारलं.

"पवन. मंग त्या दोघी बहिणी. तवा रिद्धी यात्रेहून आली बी नवती. आल्यावर चार दिवस इथं बसली, मंग पडली."

जानराव उगाच खाकरले.

डॉक्टरांनी सातही घरं कागदावर मांडली. गल्ल्या वेगळ्या, पाणी वेगळं, नातंगोतं काही नाही. "सगळे एकत्र येतात ते इथंच. हात कसे धुता, दाखवा बरं."

वैजयंतीनं हौसेनं टब भरला. तिसऱ्याच पोराला डॉक्टरांनी थांबवलं.

"हा विषाणू शौचातून हातावर येते, बाई. थुंकीतून, शेंबडातून बी. एकानं टबात हात बुडवले की तो सगळ्यांच्या हाताले. मंग पंचा, मंग घास."

वैजयंती ओट्यावर खालीच बसली. "म्हंजे मीच वाटून राह्यली होती?"

"वाहत्या पाण्यात धुवाले पाह्यजे. नळ तर हाये तुमच्या इथं."

नळ होता. भिंतीवर रंगवलेल्या मोराच्या पायाशी. त्याला पाणी कधी आलंच नव्हतं. गेल्या साली काम झाल्याचा फोटो वर पाठवायचा होता, तेव्हा मदतनीस मंजूनं भिंतीमागून पाइपात तांब्यानं पाणी ओतलं होतं. 'नळ सुरू' या कागदावर सही वैजयंतीची. जानरावांनी बोट ठेवलं तिथं तिनं केली होती.

"पाणी येते, थोडं कमी दाबानं," जानराव घाईनं म्हणाले. "काहो बाई?"

हो म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. पण उद्या अकरा वाजता पुन्हा टबच.

"नाही येत," वैजयंती म्हणाली. "एक थेंब आला नाही. सही माही हाये, अन् खोटी हाये. लिहा."

"डोकं फिरलं काय तुमचं!"

"फिरलंच हाये, भाऊ. आपली लाज गेली कुठं, ते पाहा तुमी."

डॉक्टरांनी सगळं लिहिलं. पंधरा दिवसांत वरून उत्तर आलं. खोटी माहिती दिली आणि निष्काळजीपणा केला म्हणून सेविकेचं काम थांबवावं. नळाची मात्र चौकशी व्हायची होती. जानरावांनी तोवर तोटीचा ड्रम आणून बसवला, त्यावर स्वतःचं नाव घालून. ड्रम काही फार महाग नव्हता, आधीच आणता आला असता. हे वैजयंतीला सगळ्यात जास्त लागलं.

रिद्धी घरी आली म्हणून ती पाहायला गेली. तुळसाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"खरं बोलली म्हणतात तू."

"हाव, काकू."

"माह्या नातीच्या पाठीत सुई गेली, तवा बोलली. सही करतानी तोंडाले काय झालं होतं?"

आतून रिद्धी "बाई आल्या, बाई आल्या" करत धावत आली. तुळसाबाईंनी तिला दंडाला धरून मागं ओढलं आणि दार लावून घेतलं.