मानाचं बोलावणं

शेखर दमला होता, आणि रविवारी दुपारी ताणून दिली की जाईल असलं ते दमणं नव्हतं. कासार आंबोली या गावात त्याच्या वडिलांची भाताची गिरणी होती. भातखाचरांवर बंगले उठले, गिरणीत भरडायला भात उरला नाही, तेव्हा या शहाण्याने ती झाडूनपुसून घेतली, सतरंज्या अंथरल्या, पौडच्या आपल्या मंडप-स्पीकरच्या धंद्यातले दोन चांगले स्पीकर भिंतीला टांगले आणि दर शनिवारी संध्याकाळी सातला गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. नाव काय, तर ‘गिरणी’च. त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षांत शनिवार किती येतात ते तुम्ही मोजू नका. त्याने एकदा मोजले होते आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं.

सतरंज्या झटका, वायरी ओढा, वीज गेली की जनरेटरला लाथ घाला, कलाकाराला घोटभर गरम पाणी द्या, आणि सगळं आटोपल्यावर दारात उरलेली एका पायाची चप्पल कुणाची ते शोधत बसा. बायको म्हणायची, ‘‘गाणं कधी ऐकता तुम्ही?’’ खरं सांगायचं तर दोन वर्षांत त्याने एक गाणं धड ऐकलं नव्हतं.

अनिमेष हा त्याचा भागीदार. नांदे गावात फ्लॅट, हिंजवडीत नोकरी आणि गाण्याचं वेड. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही भलतंच धरून बसाल. गिरणीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तोच म्हणाला, ‘‘दादा, नुसत्या तिकिटांवर हे चालणार नाही. व्हीआयपी मेंबरशिप काढू. वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायचे, पुढच्या दोन ओळी त्यांना राखीव. गादी, लोड, चहा, नंतर कलाकाराशी गप्पा. मागचे लोक आहेत तिथेच बसतील, कुणाचं काही जात नाही.’’

शेखरला हे पटलं नव्हतं. गिरणीत आधी येईल तो पुढे, अशी रीत. लवळ्याच्या कॉलेजची पोरं, बंगल्यांचे वॉचमन, बंगल्यांचे मालक, सगळे एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून. ते बघून त्याला बरं वाटायचं. पण भांडायलाही अंगात रग लागते, आणि ती त्याच्यात राहिली नव्हती. ‘‘कर बाबा,’’ तो म्हणाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये दोरी त्याने स्वतःच्या हाताने बांधली, वर गाठ पक्की बसली का तेही ओढून बघितलं.

बावीस सभासद झाले. एकवीस बंगल्यांतले आणि टॉवरांतले. बाविसावं नाव वाचून शेखरच्या भुवया वर गेल्या. गोजराबाई! देवळामागच्या गल्लीतली, सत्तरीची, गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवरा तरणाताठा असताना गेलेला, दोन मुली सासरी, आणि तीन खोल्या लवळ्याच्या कॉलेजच्या पोरींना भाड्याने दिलेल्या. त्यांतल्याच वैष्णवी नावाच्या मुलीने आपल्या फोनवरून अर्ज भरून दिला होता. काकीला गाण्याची हौस कधीपासून, असं शेखरच्या मनात आलं आणि दुसऱ्या मिनिटाला वायरी गुंडाळताना गेलंही.

पहिल्या शनिवारी गोजराबाईंची गादी रिकामी राहिली. दुसऱ्याही. म्हातारं माणूस, गुडघे धरत असतील, असं म्हणून त्याने सोडून दिलं. असे तेरा शनिवार गेले. चौकशीला एकदा जाऊन यावं हे त्याला सुचलं नाही असं नाही. उद्या बघू, म्हणाला. दमलेल्या माणसाचा उद्या फार लांब असतो.

चौदाव्या शनिवारी दुपारी अनिमेष म्हणाला, ‘‘दादा, फोटोत ती गादी दात पडल्यासारखी दिसते. वेटिंगवर एक जोडपं थांबलंय. आजींना पैसे परत देऊन टाका ना.’’

शेखरला उलट हायसं वाटलं. एकीचे परत केले की हळूहळू सगळ्यांचेच करू, ती दोरी सोडू आणि पहिल्यासारखं होऊ दे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात घोळायला लागलं. साडेसहाच्या सुमाराला पैशांचं पाकीट खिशात घालून तो निघाला. आत कमरुद्दीनभाई क्लॅरोनेटची फुंकायची पात ओली करत बसले होते. पौडचे कमरुद्दीनभाई चाळीस वर्षं लग्नात आणि जत्रांत वाजवत आलेले. बँडाशिवाय, एकट्याचा कार्यक्रम आज पहिल्यांदाच. नवा शर्ट घातला होता आणि कॉलर सारखी चाचपत होते.

‘‘कुटं निघालास रं ऐन टायमाला?’’

‘‘आलोच भाई, पाच मिन्टांत.’’

गोजराबाई ओट्यावर बसल्या होत्या. ठेवणीतलं इरकल नेसलेलं, डोक्यावरून पदर, हातात बटवा आणि पायांत चपला. घरात बसलेल्या बाईच्या पायांत चपला का, हे शेखरला कळेना. त्याला बघून त्या हसल्या नाहीत की या म्हणाल्या नाहीत.

‘‘आलास? चौदा शनवार झालं.’’

‘‘कशाचं, काकी?’’

दारातून वैष्णवीने तोंड बाहेर काढलं. ‘‘काका, आजी दर शनिवारी पाचलाच आवरून बसतात. नऊ वाजेपर्यंत. जेवतही नाहीत. मी म्हणते, चला स्कूटीवर सोडते, तर म्हणतात, बोलावल्याशिवाय कशी जाऊ?’’

‘‘अवो काकी, बोलवायचं काय त्यात? कार्ड दिलंय की तुमाला. कवाबी या, जागा तुमचीच हाय.’’

‘‘कारडानं कोन बोलावतं?’’ गोजराबाई म्हणाल्या. ‘‘ही पोरगी म्हनली, आजी, पैसं भरलं की पुडची मानाची जागा मिळती. खरं का खोटं?’’

‘‘खरं.’’

‘‘मग मानाच्या मानसाला घरनं न्याया लागतं. वाजत. तू ह्याच गावचा न्हवं?’’

तेव्हा कुठे शेखरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जत्रेला पालखी उचलायच्या आधी पहिल्या नारळाचा मानकरी वाजतगाजत घरून आणायचा, तो येईपर्यंत देवसुद्धा जागचा हलत नाही, ही गावाची रीत. हा मान गोजराबाईंच्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा बाई तिशीच्या आत, पदरात दोन मुलीच. गावच्या चार शहाण्यांनी बसून मान दिराच्या घरी दिला. जयसिंग, धाकटा दीर, राहतो भिंतीला भिंत लावून. चाळीस वर्षं झाली, दरसाल वाजंत्री गल्लीत शिरतात, हिच्या दारावरून जातात आणि पलीकडच्या दारात थांबतात. गेली वीस वर्षं त्या मिरवणुकीचा स्पीकर शेखरचाच असायचा. हातगाड्यावर स्पीकर लादून तो स्वतः या ओट्यावरून गेला होता. ओट्यावर कुणी उभं असायचं का? त्याला आठवेना. लाज वाटायची ती तिथेच वाटली.

त्याने पाकीट काढलं. ‘‘काकी, आमचं चुकलं. ह्यो समदा परकारच चुकीचा हाय. मान काय इकायची वस्तू हाय व्हय? ह्ये तुमचं पैसं घ्या. म्या ती मेंबरशिपच बंद करतो. दोरी सोडून टाकतो. येईल त्यो पुडं बसंल, समदी सारखी.’’ बोलता बोलता त्याचं त्यालाच हलकं वाटलं. शेवटी एक तरी काम धड केलं म्हणायचं.

गोजराबाईंनी पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही.

‘‘इकायची वस्तू न्हाई व्हय? बरं. मग फुकाटचा व्हता तवा काय झालं? ह्या घरातनं त्या घरात गेला. मदी मी हुबी व्हते, मला कुनी इचारलं का? आनि मी कुनाला इचारू? कुठल्या तोंडानं? नवरा खाल्लेली बाई, ल्योक न्हाई, गप बस म्हनलं असतं. तुज्या बापानंच म्हनलं असतं, त्यो व्हता त्या बैठकीत.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. चाळीस वर्षं मनात बोलून झालेलं माणूस जसं बोलतं तसं त्या बोलत होत्या. ‘‘हितं पैसं मोजलं तर निदान भांडाया जागा हाय. माजं दे, म्हनता येतं. आनि आता तुला लाज वाटाया लागली म्हनून तू बंद करनार! माजी बारी आली की समदी सारखी व्हय रं?’’

याला तुमच्याकडे उत्तर असलं तर सांगा. शेखरने पाकीट खिशात घातलं आणि ओट्याच्या पायरीवर बसला. आपण थकलो थकलो म्हणून तीन महिने इकडे फिरकलो नाही, आणि ही बाई चौदा शनिवार उपाशी बसली. थकायचा हक्क नेमका कुणाचा होता?

फोन वाजला. अनिमेष. ‘‘दादा, पावणेसात झाले! हॉल भरलाय.’’

‘‘कमरुद्दीनभाईंना फोन दे.’’

भाईंना त्याने चार वाक्यांत सगळं सांगितलं.

‘‘न्याया कुनी गेलंच न्हाई?’’ भाई म्हणाले. ‘‘आरं खुळ्या, मानकरी आनायला चाळीस वर्सं वाजवत मीच जातुया. मला तरी इचारायचंस.’’

‘‘भाई, तुमी ह्या दारावरनंच...’’

‘‘व्हय. त्याच दारावरनं. दरसाल. थांब तितंच. आलो.’’

लगेच अनिमेष फोनवर. ‘‘दादा, आर्टिस्ट कुठे चाललाय? लोक बसलेत इथे!’’

‘‘बसू दे.’’

‘‘आणि उद्या बावीसही जण म्हणाले, आम्हाला घरून न्या, तर?’’

‘‘आधी एकीला नेऊ दे,’’ शेखर म्हणाला आणि फोन बंद केला. अनिमेषचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या शनिवारी परत यावं लागणार, त्याच्या पुढच्याही, सतरंज्या झटकायच्या सोडून. कामात काम वाढलं. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि वाट बघत बसला.

दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडाला क्लॅरोनेट वाजलं. ना ताशा ना हलगी, नुसतं एकटं क्लॅरोनेट, आणि चाल जत्रेतली. दारं उघडली. जत्रा तर अजून चार महिने लांब, मग हे काय, म्हणून बायका हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. भाईंच्या मागे गिरणीतली पाच-सहा कॉलेजची पोरं आली होती, आणि सगळ्यांत मागे, फोन कानाला लावून, अनिमेष. भाई नेहमीच्या पावलाने चालत आले. गोजराबाईंच्या दारापाशी येऊन थांबले. सुरावट पुरी केली, वाद्य खाली घेतलं आणि मान लववली.

गोजराबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. वैष्णवी हात धरायला गेली तर त्यांनी तो झटकला. पदर नीट केला. पण ओट्यावरून काही उतरेनात.

‘‘आता काय, भाई?’’ शेखरने हळूच विचारलं.

‘‘बोलव की! नुसतं वाजवून कोन येतं? म्हन, चला, तुमच्यापायी खोळंबलंय.’’

शेखर उठला, हात जोडले. ‘‘चला काकी,’’ तो पुटपुटला, ‘‘तुमच्यापायी गाणं खोळंबलंय.’’

गोजराबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या शेखरकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या भिंतीपलीकडे, जयसिंगच्या दाराकडे. सगळ्या गल्लीत तेवढं एकच दार बंद होतं. आतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता.

‘‘मोठ्यानं म्हन,’’ त्या म्हणाल्या.

शेखर एरवी माईक हातात असल्याशिवाय चार माणसांत बोलायचा नाही. आज त्याने छाती भरून श्वास घेतला आणि शिरा ताणून ओरडला, ‘‘चला गोजराकाकी! तुमच्यापायी समदं खोळंबलंय!’’

भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला. कडी निघाल्याचा आवाज आला. मग गोजराबाईंनी ओट्यावरून पाऊल खाली टाकलं.