खांबामागचा फलक

मित्रांनो, प्रदर्शनात गेलात की तुम्ही चित्रे पाहता. ती कशावर टांगली आहेत, हे कोणी पाहत नाही. आम्ही मागे राहण्यासाठीच असतो. मी तसाच चित्रे लावायचा एक फलक आहे. हॉलमधले लोक मला पॅनेल म्हणतात. आता माझे कापड फाटले आहे आणि एक पाय डुगडुगतो. कोणी बाहेर टाकायच्या आत मला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझी कमी आणि वैशाली धुरी नावाच्या बाईंची जास्त आहे.

लालबागच्या गणपत मिस्त्रींनी मला बनवले. सागाची चौकट, आत मऊ बोर्ड आणि वरून तागाचे जाड कापड. खिळा सहज जावा आणि निघाला की भोक दिसू नये, अशी माझी घडण. दादरच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एका कलामंडळाचा हॉल आहे. तिथे मला टेंपोतून आणले. माझे बाकीचे भाऊबंद हॉलच्या मधोमध उभे राहिले. मी थोडा अरुंद निघालो होतो, म्हणून मला एका जाड खांबाच्या मागे जागा मिळाली. शेजारी बाथरूमचे दार होते. मोठी चित्रे माझ्यावर मावत नसत, म्हणून लहान चित्रे माझ्या वाट्याला आली.

मंडळाचे दर हिवाळ्यात एक प्रदर्शन भरत असे. मुंबईतून कोणीही चित्र पाठवावे, तीन परीक्षकांनी ती पाहावीत आणि निवडलेली लावावीत, अशी पद्धत. परीक्षकांच्या खुर्च्या माझ्याच समोर मांडत, कारण खांबामागे असलो तरी बाजूच्या खिडकीचा उजेड माझ्यावर चांगला पडे. हॉलचा शिपाई हितेंद्र एकेक चित्र माझ्यावर टेकवून धरायचा. मागचे नाव कागद चिकटवून झाकलेले असे. परीक्षक "हो" किंवा "नको" म्हणत. किती "नको" माझ्या अंगावर ऐकले, त्याची मोजदाद नाही.

वैशालीबाई डिलाईल रोडच्या चाळीत राहत. परळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नोकरी करत. लग्नाआधी त्यांना चित्रकलेच्या कॉलेजात जायचे होते, ते राहून गेले. आता सगळ्यांची जेवणे उरकली की ओट्यावर कागद ठेवून त्या जलरंगात चित्रे काढत. ओट्यावर शेगडी, डबे, मांडणी. उरलेल्या जागेत पोस्टकार्डाएवढाच कागद मावे. म्हणून त्यांची चित्रे लहान. हे सगळे त्यांनी मंडळाच्या मनमोहनसरांना एकदा हसत सांगितले होते. मनमोहनसर गिरगावचे, जुन्या घराण्यातले, मऊ बोलणारे गृहस्थ; तीन परीक्षकांत ते दरवर्षी असत. ते म्हणाले होते, "धुरीबाई, कागद लहान आहे, पण चित्र लहान नाही." वैशालीबाईंना ते बोलणे अनेक वर्षे पुरले.

काही वर्षी त्यांचे चित्र निवडले जाई, काही वर्षी परत जाई. निवडले गेले की ते माझ्यावरच लागे. ओट्यावरची मेथीची जुडी. जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेले पायपुसणे. वरळी कोळीवाड्यात दोरीवर टांगलेले बोंबील. लोक बाथरूमला जाताना त्यांच्यावरून नजर फिरवत आणि पुढे जात. एका वर्षी त्यांना प्रशस्तिपत्रक मिळाले. त्यावर नाव "वैशाखी" असे पडले होते. त्यांनी कोणाला सांगितले नाही. उलट घडी पडू नये म्हणून साडीच्या खोक्याचा पुठ्ठा मागून लावून घेऊन गेल्या. एकदा त्यांचे यजमान आले होते. त्यांनी चित्र पाहिले, "बराय" म्हणाले आणि पंखा कुठे आहे ते विचारले.

लोकांसमोर त्यांच्या बाजूने बोलणारे एकच माणूस तेव्हा होते. त्यांची मुलगी क्षितिजा. शाळेच्या फ्रॉकमध्ये, वेण्यांना लाल रिबिनी बांधून ती खांबापाशी उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरायची.

"काका, इकडे पण आहे. हे आमच्या आईने काढलंय."

"गप गो बाय," वैशालीबाई तिला मागे ओढायच्या. "असं बोलवायचं नसतं कोणाला."

"पण ते बघतच नाहीत!"

मित्रांनो, ती मुलगी मोठी झाली. आईला जे जमले नव्हते ते तिला जमले. ती चित्रकलेच्या कॉलेजात गेली. तिची चित्रे मोठी, भिंतभर. ती माझ्या भाऊबंदांवरही मावत नसत. तिला बक्षिसे मिळाली, तिचे नाव झाले. लग्नानंतर आडनाव बदलले. एका वर्षी मंडळाने तिलाच परीक्षक म्हणून बोलावले.

त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. हितेंद्र खाली चहा सांगायला गेला होता. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रे ती एकटीच पाहत चालली होती. पाहता पाहता थांबली, खाली वाकली आणि एक लहान चित्र उचलून खिडकीशी, अगदी माझ्याजवळ आली.

चित्रात चाळीतल्या दारामागचा पाण्याचा निळा पिंप होता. झाकण अर्धे सरकवलेले. आत काठोकाठ पाणी. त्या पाण्यात वरची ट्यूबलाइट उतरली होती, आणि कडेला लाल रिबिनीचे एक टोक. कोणीतरी लहान मूल पिंपात डोकावते आहे एवढेच कळत होते. चेहरा दिसत नव्हता.

नाव झाकलेले होते. तिला नावाची गरज नव्हती. ती किती तरी वेळ पाहत राहिली. मग हळूच, स्वतःशीच म्हणाली, "आई गं. काय केलंयस हे." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. एवढ्या वर्षांत माझ्यावर लागलेल्या कुठल्याही चित्राकडे कोणी तसे पाहिलेले मला आठवत नाही.

जिन्यावर पावले वाजली. तिने घाईने चित्र जागेवर ठेवले, तेही तोंड भिंतीकडे करून.

मनमोहनसर आत आले. हसून म्हणाले, "आलीस होय आधीच! आईनं पाठवलंय का यंदा? तसं असेल तर तेवढ्या चित्रापुरती तू बाहेर बस, म्हणजे झालं."

क्षितिजा म्हणाली, "नाही सर. मीच नको म्हटलंय तिला यंदा."

त्यातले "नाही" एवढेच खोटे. ते का बोलली, मला कळले नाही. घाबरली असेल. पण ते एकदा बोलून गेल्यावर तिला मागे फिरता येईना.

तिसरा परीक्षक अनिश. तरुण, हुशार, कुठल्याशा मोठ्या गॅलरीत काम करणारा. तिघे बसले. चित्रे येत गेली. मग हितेंद्रने पिंपाचे चित्र माझ्यावर टेकवले. बाईंच्या हातून त्यानेच ते घेतले होते.

मनमोहनसर पुढे वाकले. त्यांनी चित्राकडे पाहिले, मग क्षितिजाकडे पाहिले. म्हणाले, "माझं हो."

अनिश म्हणाला, "सर, हे त्या दरवर्षी पाठवणाऱ्या बाईंचं असणार. पिंप, पायपुसणं, बोंबील. वाईट वाटतं म्हणून किती वर्षं लावायचं आपण? माझं नको." मग वळून, "मॅडम, तुम्ही सांगा."

क्षितिजा चित्राकडे पाहत नव्हती. हातातल्या पेनाचे टोपण काढत होती आणि लावत होती.

"नको," ती म्हणाली. आणि कोणी विचारले नसताना पुढे म्हणाली, "जरा घरगुती आहे."

"बरं," मनमोहनसर म्हणाले. ते मान खाली घालून चष्मा पुसत राहिले. हितेंद्रने चित्र माझ्यावरून उचलले.

न निवडलेली चित्रे परत न्यायची असत. वैशालीबाई दवाखाना सुटल्यावर आल्या, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. हॉलमध्ये चित्रे लावायचे काम चालू होते. हितेंद्रने त्यांना माझ्याजवळ, खांबाच्या आडोशाला चित्र आणून दिले.

"नाही झालं?" त्या म्हणाल्या. "असू दे. कोणी काय बोललं का रे?"

"सर हो म्हणाले, ताई. अनिशसाहेब नको म्हणाले."

"आणि तिसरं काय म्हणालं?"

हितेंद्र खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागला. वैशालीबाईंना माहीत होते तिसरे कोण ते. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

तेवढ्यात क्षितिजा खांबाला वळसा घालून आली आणि आईला पाहून जागीच थांबली. पलीकडे शिडीपाशी अनिश उभा होता. त्याला सगळे ऐकू जात होते.

"मी तुला म्हटलं होतं ना, यंदा नको पाठवू," क्षितिजा हळू आवाजात म्हणाली.

"म्हटलं होतंस. मला वाटलं, नाव झाकलेलं असतं, तुला काय त्रास?" वैशालीबाईंनी चित्र छातीशी धरले होते. "मी काय भांडायला नाही आले. एकच सांग मला. लोक बोलतील म्हणून नको म्हणालीस, का आवडलं नाही म्हणून?"

मित्रांनो, त्या उत्तराची मी श्वास रोखून वाट पाहिली, असे म्हणायला मला श्वास नाही. पण लाकडालाही ताण पडतो. ती "लोकांना घाबरले" एवढेच म्हणाली असती, तरी वैशालीबाई हसून घरी गेल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर कागद मांडला असता.

क्षितिजाने एकदा शिडीकडे पाहिले.

"चित्र कमी पडलं, आई," ती म्हणाली.

वैशालीबाईंनी चित्र पिशवीत सरकवले, डबा आणि छत्री यांच्या मधे.

"बरं झालं सांगितलंस. बाकीचे काय, मन राखायला बोलतात. तुला कळतं त्यातलं." पदराने कपाळ पुसून त्या म्हणाल्या, "रविवारी जेवायला ये. बाबा सुरमई आणणार आहेत."

आणि त्या गेल्या.

मला सारे माहीत होते. ती खिडकीशी उभी राहून रडली होती, हसली होती, हे मी पाहिले होते. मी काय करणार? माझ्या अंगावर खिळे ठोकता येतात, चित्रे टांगता येतात. एक शब्द माझ्यातून निघत नाही. त्या दिवसाइतका मला माझा राग कधी आला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात वैशालीबाईंचे चित्र आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मनमोहनसरांनी हितेंद्रकडे चौकशी केली. तो म्हणाला, "त्यांची चाळ पाडायला घेतली, सर. शीवला भाड्याने राहतात. भेटल्या होत्या. रंग शेजारच्या पोरांना देऊन टाकले म्हणाल्या." मनमोहनसरांनी एक पत्र लिहायचे ठरवले होते. पण त्यांची प्रकृती बिघडली आणि ते गेले. माझ्या ओळखीतले वैशालीबाईंच्या चित्रांसाठी "हो" म्हणणारे माणूस संपले.

हॉलही बदलला. भिंतींना पांढरे पॅनेलिंग झाले, छताला दिवे आले. माझ्या भाऊबंदांना कोणी तरी मांडववाला घेऊन गेला. मी अरुंद, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारची वायरिंग झाकायला मला बोळात उभे केले. कापड ओलसर होऊन कुजू लागले. आता माझ्यावर "पाणी जपून वापरा" असा कागद चिकटवलेला आहे.

गेल्या वर्षी क्षितिजाचे स्वतंत्र प्रदर्शन त्या हॉलमध्ये भरले. खूप गर्दी होती. वैशालीबाई आल्या होत्या. केस पांढरे झाले होते, इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. त्यांनी मुलीचे प्रत्येक चित्र नीट, वेळ घेऊन पाहिले. मग पाणी प्यायला बोळात आल्या. मागोमाग क्षितिजाही चहाची कपबशी घेऊन आली.

कूलरपाशी रुचा नावाची एक विद्यार्थिनी बाटली भरत होती. तिने क्षितिजाला ओळखले आणि लाजतच वैशालीबाईंना विचारले, "तुम्ही मॅडमच्या आई ना? काकू, तुम्ही पण चित्रं काढता का?"

"नाही गं," वैशालीबाई म्हणाल्या.

रुचा गेली. क्षितिजाच्या हातातला चहा बशीत सांडला होता.

"आई, नाही का म्हणालीस?"

"काढत नाही, म्हणून नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुझी छान झालीयत. ते मोठं, पिवळं आहे ना, ते फार आवडलं मला."

क्षितिजा त्यांच्याकडे पाहत राहिली. "आई, मला तुला एक सांगायचं होतं. तेव्हा मी..."

"मॅडम! फोटोला थांबलेत सगळे!" आतून कोणीतरी हाक मारली.

"जा, बोलावतायत," वैशालीबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातातून कप घेतला. "मी निघते आता. बाबांची गोळीची वेळ झाली. सांग मग कधीतरी."

क्षितिजा आत गेली. वैशालीबाईंनी थंड झालेला चहा उभ्या उभ्या संपवला, कप कूलरवर ठेवला आणि कठडा धरून सावकाश जिना उतरल्या. क्षितिजा परत बोळात आली तेव्हा तिथे फक्त मी होतो. ती जिन्याच्या तोंडापर्यंत धावली, खाली वाकून पाहिले, आणि तशीच उभी राहिली. मग आतून पुन्हा हाक आली.

तिने नंतर सांगितले की नाही, मला कळायला मार्ग नाही. सांगितले असले, तरी ज्या हाताने तो पिंप काढला तो हात आता चित्र काढत नाही. मधल्या वर्षांत वैशालीबाईंना जे जे दिसले असेल, ते कोणाला दिसणार नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगत नाही. मी फार काळ उरणार नाही. तुमच्या घरातही कोणी ओट्याच्या कडेला, पलंगाच्या कोपऱ्यावर काही तरी काढत असेल, लिहीत असेल, शिवत असेल. ते तुम्हाला आवडले तर त्याच दिवशी सांगा. शिडीपाशी कोणी ऐकत उभे असले तरी सांगा. तुम्हाला तोंड आहे. माझ्यासारखे उभे राहू नका.