पन्नास मिनिटं उशिरा

समुद्र पाहायची खाज मुळात सूरजची. त्याच्या घरी सत्तर एकर जमीन, वडिलांकडं राजकारणातलं पद आणि दारात दोन गाड्या. पण गाडीनं जाऊन समुद्र पाहण्यात काय मजा, तो पाठीवर सॅक टाकून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत पाहायचा असतो, हे त्याला मोबाइलवरच्या कुणा टोपीवाल्यानं पटवून दिलं होतं. धारूरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं बसून त्यानं आठवडाभर माझं डोकं खाल्लं आणि शेवटी मी हो म्हणालो. उत्तरेश्वर कशालाच कधी नाही म्हणत नसे. तो किल्ल्याच्या बाजूच्या वस्तीवर आईबरोबर राहायचा, मांजरसुंब्याच्या एका गॅरेजात काम करायचा, आणि आम्ही तिघं पहिलीपासून एका बाकावरचे.

त्याची आई भिवराबाई. आम्ही तिला भिवरामाय म्हणतो. नवऱ्याबरोबर वीस वर्षं ऊसतोडीला जाऊन तिच्या कमरेचं काही उरलं नव्हतं, नवरा उसाच्या फडातच छातीत कळ येऊन गेला होता, आणि आता तिला हा एकच मुलगा होता. निघायच्या दिवशी तिनं भाकरी-ठेचा बांधून दिला आणि मला बाजूला घेतलं.

"भागवता, ह्यानं हिरीबिगर पाणी पाह्यलं न्हाई. तू शाना हायेस. माज्या लेकरावर ध्यान ठेव."

"माय, त्यानंच मला हिरीतून काढलंय. त्योच मला संबाळंल," मी हसून म्हणालो.

ते खरंच होतं. अकराव्या वर्षी पाठीला डबा बांधून पोहायला शिकताना माझा डबा निसटला, तेव्हा उत्तरेश्वरनं एका हातानं पायरीचा दगड आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं होतं, माणसं धावत येईपर्यंत. त्याच्या बोटांचे वळ चार दिवस माझ्या मनगटावर होते आणि मी ते शाळेत मिरवले होते.

किनाऱ्यावर पहिल्या दोन दिवसांत आमची जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहे, आणि पुढचं घडलं नसतं तर मी ती अजूनही रंगवून सांगत बसलो असतो. वाळू मऊ आणि सपाट दिसली म्हणून आम्ही तंबू अगदी पाण्याजवळ ठोकला, आणि संध्याकाळी लाटा येऊन आमचे तांदूळ, स्टोव्ह आणि सूरजचे नवे बूट घेऊन गेल्या. सूरज समुद्राला शिव्या घालत अनवाणी चालला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या टाचांना फोड आले. उत्तरेश्वरला मात्र सगळ्याची गंमत वाटत होती. तो ओंजळीत पाणी घेऊन चाखायचा, थुंकायचा आणि परत चाखायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाट एका खाडीनं अडवली. आमच्याकडं नदी म्हणजे वाळू, आणि त्या वाळूतून बैलगाडी जाण्याइतकी वाट. समोर दिसलं तेही तसंच होतं, फार तर घोट्याएवढं पाणी. पलीकडच्या टेकडीवर एक देऊळ होतं, ते पाहून मुक्कामाला अलीकडच्या गावात परत यायचं ठरलं. सॅक पाठीवर तशाच ठेवून आम्ही गप्पा मारत पार झालो, देवळाच्या गार फरशीवर तास-दोन तास झोपलो, आणि पाचच्या सुमाराला खाली आलो तर वाळू नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी होतं आणि ते आमच्या डोळ्यांदेखत चढत होतं.

"वर कुठंतरी धरण सोडलं बे," सूरज म्हणाला.

बीडच्या माणसाला याहून दुसरं काय सुचणार? पाणी येतं ते धरणातून, आणि एकदा सोडलं की वाढतच जातं. आम्ही डोंगरांकडं तोंड करून लोंढा दिसतो का ते पाहत राहिलो, आणि पाणी आमच्या पाठीमागून, समुद्रातून, आत येत होतं. आणखी वाढायच्या आत निघायचं ठरलं. पुढं सूरज, मधे मी, मागं उत्तरेश्वर, हातात हात. मधोमध आलो तेव्हा पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. सूरजचे पाय पलीकडच्या वाळूला लागले, त्यानं मला ओढलं, आणि त्याच वेळी मागून उत्तरेश्वरचा भार आला. त्याच्या पायाखालची जमीन गेली होती. त्यानं माझं मनगट धरलं नव्हतं, मी त्याचं धरलं होतं. मी मागं पाहिलं. तो माझ्याकडंच पाहत होता. मी बोटं उघडली.

काठावर येऊन मी सूरजला सांगितलं की हात सुटला. तेच मी गावातल्या लोकांना सांगितलं, आणि होडी घेऊन निघालेल्या दोघा कोळ्यांनाही. सूर्य बुडेपर्यंत आम्ही दोघं समुद्राकडं तोंड करून घसा फाटेस्तोवर हाका मारत होतो. एक म्हातारा आमच्याकडं पाहून मान हलवत होता. "सहा तास थांबला असतात, तर पाय न भिजता आला असतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला उत्तरेश्वर आला. समुद्राकडून नाही, तर खाडीच्या आतल्या बाजूनं, नारळांच्या बागांमधून, सॅक पाठीवर घेऊन, रस्त्यानं चालत यावा तसा. कपडे वाळलेले होते. सूरज त्याच्या गळ्यात पडून रडला, आणि मीही रडलो. मला वाटतं, जास्त मीच रडलो. त्यानं दोघांच्या पाठीवर थोपटलं आणि विचारलं, "किती वाजले?"

येताना एसटीत त्यानं तेच आणखी तीन-चारदा विचारलं. बाकी तो नेहमीसारखाच होता.

त्यानंतर आठवड्याभरानं, एका दुपारी, तो माझ्या दुकानाच्या फळीवर चहा पीत बसला होता; गॅरेजला तो अजून जात नव्हता. मी एका पोराचे आधार कार्डाचे कागद काढत होतो. अर्धा चहा झाला असताना तो उठला, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि शेजारच्या माडीच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. दीड वाजला होता. मला वाटलं, सावलीला गेला असेल. पाऊण तासानं तो खाली आला, चपला घातल्या आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तो सव्वादोनला उठला. तिसऱ्या दिवशी तीनला. माझं कामात लक्ष लागेना. एकाच कागदाच्या दहा-दहा प्रती निघू लागल्या, गिऱ्हाइकं बोलू लागली, आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळाकडं आणि मग त्याच्या चपलांकडं पाहू लागलो. चौथ्या दिवशी तो पायरीवर असताना मी खालून विचारलं, "काय करतूस बे तिथं?"

तो बाजाराच्या रस्त्याकडं पाहत होता. तिथं धूळ होती आणि एक रिकामा टेम्पो उभा होता. मग तो म्हणाला, "तुमी समुद्राकडं तोंड करून वरडत व्हते. मी आतल्या अंगाला गेलतो. मी ओ देत व्हतो."

एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी दुकान बंद करता करता मला पाचवीचा धडा आठवला. हरिबा गुरुजींनी तो आमच्याकडून पाच वेळा लिहून घेतला होता, आम्ही तिघांनीही पाठ केला होता, आणि चार मार्कांच्या त्या उत्तरात आम्हाला पैकीच्या पैकी मिळाले होते: भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं जाते. कधी न पाहिलेल्या गोष्टीचं उत्तर आम्ही लिहिलं होतं आणि ती समोर आली तेव्हा ओळखली नव्हती. मी मोबाइलवर त्या किनाऱ्याच्या वेळा काढल्या. गेल्या चारही दिवसांची भरती उत्तरेश्वरच्या पायरीवर चढण्याशी जुळत होती. धारूर घाटाच्या माथ्यावर आहे. समुद्र आमच्यापासून एक दिवसाच्या वाटेवर आणि कितीतरी खाली.

मग भिवरामाय दुकानात आली. ती कधी बाजारात येत नाही. उंबऱ्याशी बसली, पदरानं तोंड पुसलं आणि थेट विचारलं.

"कावून असं करतो रे ह्यो? जवारीची पोती माळवदावर नेली. कोंबड्या वर, आथरुण वर. दिसातून दोनदा मला हाताला धरून शिडीवर चढवतो. म्हनतो, माय, आज गुडघ्याएवढं हाय. लई भ्या वाटतं बाबा. तिकडं काय झालतं?"

"पाण्यात हात सुटला माय. पण आला की माघारी."

"त्याला इच्यारलं तर म्हनतो, भागवतला इच्यार."

मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. मशीनचं झाकण उघडून आत काहीतरी अडकल्यासारखं शोधत राहिलो. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवताना मी पाय खुर्चीवर घेऊ लागलो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, मुंग्या येतात. कधीतरी तो सगळ्यांसमोर सांगेल याची भीती वाटत होती, आणि तो कधीच सांगणार नाही याची त्याहून जास्त.

पौर्णिमेला भरती सगळ्यांत मोठी असते, हेही धड्यात होतं. त्या दिवशी वेळ दुपारी बारा-सव्वाबाराची होती. मी साडेअकरालाच शटर ओढलं आणि वस्तीवर गेलो. सांगून टाकायचं, त्याच्या आईसमोर सांगायचं, मग ती काय करायचं ते करू दे, असं ठरवून गेलो होतो. ऊन डोक्यावर होतं. अंगणात काहीही नव्हतं, चूल नव्हती, बाज नव्हती, खराटासुद्धा नव्हता. दोघं वर माळवदावर होते. भिवरामाय पोत्यांना टेकून बसली होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावर भीती दिसत नव्हती. सवय झालेल्या माणसासारखी ती अंगणाकडं पाहत होती.

"भागवता, कावून खाली थांबलास? वर ये बिगीनं," ती म्हणाली.

मी शिडीपाशी गेलो, पण वर चढलो नाही. वर गेलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"उत्तऱ्या, तुजा हात सुटला न्हवता. मी सोडला. माय, मी सोडला ह्याचा हात."

उत्तरेश्वर उठला, शिडीच्या दोन पायऱ्या उतरला आणि खाली वाकला.

"ठावं हाय," तो म्हणाला. "धर."

त्यानं हात पुढं केला. मी वर हात केला, आणि त्यानं माझं मनगट धरलं, विहिरीत धरलं होतं तसंच, तीच बोटं, त्याच जागी. मला रडू फुटलं. वाटलं, संपलं सगळं, आता हा मला वर ओढेल, माय दोन शिव्या देईल आणि चहा ठेवेल. पण तो ओढत नव्हता. तो नुसता धरून होता आणि माझ्या खांद्यापलीकडं अंगणात काहीतरी चढत असल्यासारखं पाहत होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि बोटं उघडली, सावकाश, एकेक करून.

काही झालं नाही. मी होतो तिथंच होतो, पाय कोरड्या मातीत, शिडीला टेकून. पण ते दोघं आता माझ्याकडं पाहत नव्हते. त्यांची नजर एकदमच माझ्यावरून सरकली, कुडाच्या भिंतीकडनं फाटकाबाहेर गेली, आणि वस्तीच्या वाटेनं किल्ल्याच्या बाजूला, वाहत जाणाऱ्या कशाच्यातरी मागं जावी तशी हळूहळू, न थांबता, पार बाभळीच्या वळणापर्यंत गेली. उत्तरेश्वर परत वर चढला. "किती वाजले?" त्यानं आईला विचारलं.

भिवरामाय माळवदाच्या कडेला आली. तोंडाला दोन्ही हात लावून तिनं त्या वळणाकडं हाक मारली, "भागवताऽऽ!"

मी तिच्या पायांखाली उभा राहून ओ दिली. तिनं क्षणभर कान दिला, आणि पुन्हा तिकडंच हाक मारली.